पाथरीची मोजणी

भोरमधल्या आमच्या घरामागे अकरा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. घर बांधताना गवंडी म्हणाला होता, इथेही फरशी करून टाकू, झाडायला सोपं पडेल. मी नको म्हटलं. त्या पट्टीत कढीपत्त्याचं एक झाड, अळूचे चार कंद, गवती चहाचा एक ठोंब आणि आज सकाळी मोजली तेव्हा पाथरीची त्रेचाळीस रोपं आहेत. शेजारच्या बाई नव्याने राहायला आल्या तेव्हा भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "ताई, तुमच्या बागेत तण फार माजलंय. आमचा माणूस पाठवू का?" दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाटीभर भाजी दिली, मूगडाळ घालून आणि लसणाची फोडणी देऊन केलेली. वाटी परत करताना त्यांनी विचारलं, "ही मिळते कुठे?" त्यांच्याच भिंतीच्या बुडाशी दोन रोपं उगवली होती, ती मी बोटाने दाखवली. आता त्या माझ्या आधी तोडायला येतात.

ज्यांनी पाथरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पाहिलेली सगळ्यांनी असते, ओळखलेली नसते. जमिनीला चिकटून गोल पसरलेली पानं, कडा वेड्यावाकड्या कातरलेल्या, पान मोडलं की पांढरा चीक येतो. फूल पिवळं, नखाएवढं, आणि फुलानंतर बारीकशी म्हातारी होऊन वाऱ्यावर उडते. माझ्या मुलीने मोबाईलवर एक परदेशी बाई दाखवली. ती आपल्या बागेत मुद्दाम डँडेलियन लावते, पानं सॅलडमध्ये घालते, मुळं भाजून कॉफी करते. "आई, हीच ना गं तुझी पाथरी?" मुलगी म्हणाली. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यांच्या झाडाला एका दांड्यावर एकच फूल येतं, आपल्या पाथरीच्या दांड्याला फाटे फुटतात. बहीण असेल, जुळी नाही, असं मी सांगितलं. मुळांची कॉफी मी करून पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

लावायची रीत सोपी आहे. दोन रोपांत एक वीत अंतर ठेवायचं, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा पाहायची, तांदूळ धुतलेलं पाणी घालायचं. बाहेरची पानं तोडायची आणि मधली तीन ठेवायची, म्हणजे नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा तोडता येतात. फूल यायच्या आधीचं पान कोवळं, नंतरचं कडू. कच्चं पान मीठ लावून भाकरीबरोबर खायचं, ते जमत नसेल तर बारीक चिरून दही आणि दाण्याचा कूट घालायचा, तेही जमत नसेल तर पीठ पेरून भाजी करायची. हे सगळं मला काकीने शिकवलं. आणि सुरुवातीला चोरून शिकवलं.

माझं लहानपण वेल्ह्यापासून चालत पाऊण तासावर, तोरण्याच्या पायथ्याला अठरा घरांच्या वाडीत गेलं. घरात आण्णा म्हणजे माझे वडील, आई, वडिलांचे धाकटे भाऊ तात्या आणि मी. गोठ्यात एक म्हैस, दोन बैल, अंगणात कोंबड्या, त्यांचा आकडा रोज बदलायचा कारण मुंगूस होतं. मला मोजायची खोड कधी लागली ते आठवत नाही, पण नाव कधी पडलं ते आठवतं. तहसीलमधून एक मोजणीदार आमच्या बांधाची मोजणी करायला साखळी घेऊन आला होता. मी दिवसभर त्याच्या मागे कड्या मोजत हिंडले आणि संध्याकाळी त्याला सांगितलं की ओढ्याकडच्या बाजूला तुम्ही एक साखळी दोनदा धरली. त्याने पुन्हा मोजलं आणि माझं बरोबर निघालं. तेव्हापासून वाडीत मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही. "ए मोजणीदार, तुझ्या आईला म्हणावं ताक पाठव," असा निरोप यायचा.

आमच्या घरातले आवाज आजही क्रमाने सांगता येतील. पहाटे म्हशीची साखळी, मग आईच्या काकणांचा परातीवर आपटणारा आवाज, मग भाकरी थापल्याची थपथप, मग आण्णांचं खाकरणं, आणि उजाडल्यावर खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न. आई संध्याकाळी अकरा भाकऱ्या करायची. आण्णांच्या तीन, तात्यांच्या तीन, आईच्या दोन, माझी दीड आणि काकी आल्यापासून तिची दीड. बरोबर घेवड्याची आमटी नाहीतर कुळथाची पिठी, आणि बाजारच्या दिवशी सुके बोंबील. हा हिशोब आईने काकीला धरून बांधला होता, पण काकी अर्धीच खायची. रोज सकाळी टोपलीत एक भाकरी उरलेली असायची आणि ती म्हशीला जायची.

काकी म्हणजे तात्यांची बायको, इंदू. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी अकरा. ती आंबवड्याकडची. आमच्याहून कितीतरी कमी पाऊस पडणारा तो मुलूख, तिच्या वडिलांच्या रानात जोंधळा आणि हरभरा. आमच्याकडे चार महिने धुकं, चिखल आणि भाताची खाचरं. ती कुणाला उलट बोलली नाही, कामाला मागे हटली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर कायम एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाचा भाव असायचा. मला ती फार आवडायची. त्याचं कारण साधं होतं. मी घरात आकडे सांगितले की आई म्हणायची, "बास आता." काकी मात्र हातातलं काम न थांबवता विचारायची, "मंग किती झालं?" असं विचारणारं माणूस मला तोवर मिळालं नव्हतं.

पंचमीला ती आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली आणि सव्वीस दिवस राहिली. तात्या जाऊन घेऊन आले. दिवाळीला पाच दिवसांसाठी म्हणून गेली आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा तात्याच आणायला निघाले. तात्या मुळातच कमी बोलणारे, त्या दिवसांत तर ते बैलांशीही बोलेनासे झाले होते. आई चुलीपुढे आण्णांना म्हणाली, "दोन खेपा आणली. संक्रांतीला गेली की तिसऱ्या खेपेला येत न्हाई ती. लिवून ठिवा." मी ते खरंच लिहून ठेवलं, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. आणि हट्ट करून तात्यांबरोबर निघाले.

आंबवड्याला पोचलो तेव्हा काकी घरात नव्हती, रानात होती. मी एकटीच पळत गेले. हरभऱ्याच्या कडेला ती तिच्या आईबरोबर जेवायला बसली होती. फडक्यात भाकऱ्या, मिरचीचा ठेचा, आणि बसल्या जागेवरून हात लांब करून ती जमिनीतली पानं खुडत होती, लुगड्याला पुसत होती आणि भाकरीबरोबर तशीच कच्ची खात होती. मी आधी तिने खाल्लेल्या भाकऱ्या मोजल्या. एक, दोन, आणि तिसरीचा चतकोर. आमच्या घरी अर्धी भाकरी खाणारी बाई ती हीच का, असा मला प्रश्न पडला.

"काकी, हे म्हशीचं खाणं हाय," मी म्हणाले. आमच्या वाडीत पाथरी दिसली तर बाया ती दुभत्या म्हशीला घालायच्या, दूध वाढतं म्हणून. माणसं खात नसत.

"ही पाथरी हाय. बस हितं," ती म्हणाली आणि एक पान मीठ लावून माझ्या तोंडात घातलं. कडू लागलं. मग घोटभर पाणी प्याले तर पाणी गोड लागलं. मी आणखी एक मागितलं.

"मूठभर पाथरी असली ना," काकी म्हणाली, "की मला दुसरं कायबी लागत न्हाई."

तिची मूठ म्हणजे किती, ते मी तिथेच मोजून घेतलं. बावीस पानं. एका रोपाची एका वेळी पाच-सहा पानं तोडता येत होती. म्हणजे रोज मूठभर लागणार असेल आणि रोप नऊ दिवसांनी पुन्हा भरत असेल, तर छत्तीस रोपं हवीत. वेळ चोवीस उपटण्यापुरताच मिळाला. मातीसकट काढली, ओल्या फडक्यात बांधली आणि पिशवीत घातली. भोरहून सुटलेल्या एसटीत कंडक्टरने पिशवीत वाकून पाहिलं आणि तात्यांना विचारलं, "पाव्हणं, काय नेताय?"

"गवत," तात्या म्हणाले.

"वेल्ह्याला? गवत?" कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. "मंग पुढच्या खेपंला धुकं बी घेऊन जावा, थोडं कमी पडतंय तिकडं."

काकी खिडकीकडे तोंड करून हसली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही हसले. लग्नाला सात महिने झाले होते आणि त्या दोघांना एकाच वेळी हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

आमच्या घरामागे परसात न्हाणीचं पाणी जिरायचं तिथे आईचा छोटा वाफा होता, लसूण आणि कोथिंबिरीचा. त्याच्या पलीकडच्या अंगाला मी पाथरी लावली, चार रांगा, रांगेत सहा. काकी शेजारी उकिडवी बसून पाहत होती. "ही भाताची माती. ही तिला मानवायची न्हाई," ती म्हणाली.

"आणि जगली तर?"

काकीने बोटाने माती दाबून पाहिली. "जगली तर म्या बी राहीन. जा."

ती हे गमतीने बोलली की मनापासून, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. मी ते मनापासूनच धरलं. वहीच्या मागच्या पानावर आईच्या वाक्याखाली हे वाक्य लिहिलं. संक्रांतीला त्रेचाळीस दिवस होते.

सात रोपं पहिल्या आठवड्यात गेली, सतरा जगली. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून मी भोवती करवंदीच्या काट्या रोवल्या होत्या. पानं भरली तशी पाथरीने माझ्या रांगा मोडल्या. तिला रांगेत राहवत नाही, ती आडवे धुमारे टाकून वाट फुटेल तिकडे जाते. दुपारी आई रानात गेली की काकी आणि मी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचो, सकाळची भाकरी, मीठ आणि आठ-दहा पानं. रात्रीच्या जेवणातही काकीची भूक वाढायला लागली. आधी एक भाकरी, मग सव्वा, आणि तेविसाव्या दिवशी सकाळी टोपली रिकामी निघाली. आईने ती उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "म्हशीला काय घालू आता?" पण म्हणताना ती खूश होती.

फक्त एक अट काकीने घातली होती. "कुणाला सांगू नगंस." मला ती अट कळली नव्हती, पण मान्य होती. कारण नंतर कळलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला ओढ्याकाठी पाथरीचं एक रोप सापडलं होतं. ते हातात घेऊन येताना वाटेत शेजारच्या ठकूमावशी भेटल्या. ठकूमावशी म्हणजे वाडीतल्या सगळ्या बायांच्या म्होरक्या, उंच, सुकलेल्या, आवाज पार ओढ्यापलीकडे जाईल असा. त्या म्हणाल्या, "म्हशीला काढलीस व्हय गं? गुणाची हायेस." काकीला खरं सांगवेना. नव्या सुनेने पहिल्याच महिन्यात आपण तुमच्या म्हशीचं खाणं खातो असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ती "व्हय" म्हणाली आणि घरी येऊन ते रोप खरंच म्हशीला घातलं.

संक्रांतीच्या सहा दिवस आधी आमच्या गव्हाची खुरपणी होती. आमच्याकडे ही कामं सावडीने व्हायची, म्हणजे आज सगळ्याजणी माझ्या रानात, उद्या सगळ्याजणी तिच्या रानात. सावडीचा एक नियम होता, तो कुणी सांगायची गरज नसे. खुरपताना निघालेलं तण जिनं काढलं तिचं. ती ते ओटीत भरून आपल्या म्हशीला नेणार. त्या दिवशी ठकूमावशी धरून सात बाया आल्या होत्या. मी शाळेत होते. चार दिवसांपूर्वीच मी वाफ्याभोवतीच्या काट्या काढल्या होत्या, कारण कडू पानाला कोंबड्या तोंड लावत नाहीत असं माझ्या लक्षात आलं होतं. निरीक्षण बरोबर होतं, त्यावरून काढलेलं अनुमान चुकलं. धोका कोंबड्यांचा नव्हताच.

शाळेतून आले तेव्हा अंगणात बाया चहाच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या ओट्या भरलेल्या. ठकूमावशींनी मला पाहिलं आणि हात केला. "ये मोजणीदार. तुझ्या आईचा परस बघून ये जा. गहू लवकर आटपला, म्हणलं बसून काय करायचं. चहा उकळंस्तवर लख्ख केला."

मी परसात गेले. खरोखर लख्ख होता. लसणाच्या तेवीस पाती सरळ उभ्या होत्या, एकीलाही धक्का नव्हता. कोथिंबीर जागच्या जागी होती. मधली माती हाताने सारवल्यासारखी सपाट, मऊ, काळी, आणि तिच्यावर पाथरीचं एकसुद्धा पान नव्हतं. इतकं नीट काम मी आजवर पाहिलेलं नाही. मागच्या दारात काकी चहाची किटली घेऊन उभी होती. ती तिथून सगळं पाहत होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने त्यांना थांबवलं नव्हतं. एक शब्द बोलली असती तर त्या थांबल्या असत्या, पण त्यासाठी ती आपण खातो हे सांगावं लागलं असतं, आणि ते तिला का सांगवत नव्हतं ते मी वर लिहिलंच आहे.

मी अंगणात परत आले आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. "ती पाथरी काकीची होती," मी म्हणाले. "काकी खाती ती. परत द्या. सतरा होती, मोजून द्या."

 मग एकजण म्हणाली, "कोण खाती?"

"काकी. भाकरीसंग."

"अगं बया," दुसरी म्हणाली, "म्हंजे हिला बी गोठ्यातच पान वाढायचं का?"

सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, दिवसभर उन्हात वाकलेल्या बायांचं पाठ मोकळी करणारं हसणं होतं. पण काकीने किटली उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली. फक्त ठकूमावशी हसल्या नाहीत. त्यांनी ओटीकडे पाहिलं, उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "चला, धारा काढायच्यात." बाया गेल्या. पाथरीही गेली, सात म्हशींकडे.

त्या दिवशी टोपलीत एक भाकरी उरली. पुढच्या दिवशी दीड. काकी माझ्याशी बोलत होती, म्हणजे "दप्तर उचल" आणि "पाणी आण" एवढं. मी काही आकडा सांगितला तरी "मंग किती झालं" हे तिने विचारलं नाही. आई एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंडाला कुलूप घालायला मोजता येत न्हाई व्हय तुला?" मला आजही वाटतं की ती त्या दिवसापुरती तरी बरोबर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूमावशी आल्या. सरळ चुलीपाशी गेल्या, काकीच्या समोर बसल्या आणि पदराची गाठ सोडली. आत मूठभर पाथरी होती, जरा सुकलेली.

"म्हशीनं एवढी ठिवली," त्या म्हणाल्या. "दाव कशी खायाची."

काकीने वर पाहिलं नाही. "जाऊ द्या, मावशी."

"जाऊ द्या काय? माझ्या म्हशीनं आज वाटीभर दूध जादा दिलं. तिला कळतंय ते मला साठ वर्सं कळलं न्हाई, म्हणून आले. दाव."

काकीने पानं धुतली, मीठ लावलं, तव्यावरची भाकरी मोडून पुढे ठेवली. ठकूमावशींनी एक पान तोंडात घातलं, चावलं, डोळे बारीक केले. आई, मी आणि दारातून तात्या, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"कडू हाय की गं."

"पाणी प्या वरनं," काकी म्हणाली.

त्या प्यायल्या. तांब्याकडे पाहिलं, पुन्हा प्यायल्या. "ह्यात गूळ घातलास?"

"न्हाई वो."

"मंग आण अजून एक." चार पानं खाल्ल्यावर त्या उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "एवढी खातीस तर सांगायचं न्हाई का? आमी काय तुला गोठ्यात बांधणार व्हतो?" आणि मग आईला, "आणि तू गं, एवढी मोठी जाऊ, सून दीड वर्स काय खाती ते ठाव न्हाई तुला?"

"दीड वर्स न्हाई, मावशी, आठ महिने," मी म्हणाले.

काकी हसली. तोंडावर पदर घेऊन, पण हसली. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने पदराआडून मला चिमटा काढला, चांगला जोरात. मी तो माफी म्हणून धरला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठकूमावशींनी पाथरी खाल्ल्याची बातमी अठरा घरांत पोचली आणि पुढच्या तीन दिवसांत सातातल्या पाच बाया काही ना काही निमित्त काढून चव घ्यायला येऊन गेल्या. घरात पाथरी उरलेली नव्हती, म्हणून त्यांनीच ओढ्याकाठून शोधून आणली. दोघींना आवडली नाही. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं.

हे सगळं चांगलंच झालं, पण माझ्या वहीतलं वाक्य वेगळं होतं. काकी राहणार होती ती पाथरी जगली तर. बाया खुरप्याने पाथरी काढतात तेव्हा पातं मातीच्या जरासं खालून फिरतं. मुळी खोल राहते. तिला पुन्हा फुटायला किती दिवस लागतात हे मला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. मी रोज सकाळी वाफ्यात नाक खुपसून बसायचे. संक्रांतीच्या आदल्या सकाळी काकीचा थोरला भाऊ मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला आला, तेव्हा मी मोजली होती. मातीतून चार कोंब वर आले होते, माझ्या करंगळीच्या नखाएवढे. सतरातले चार.

काकीने गाठोडं बांधलं, आईच्या पाया पडली. तात्या गोठ्यात उगाच बैलांच्या दाव्याशी खटपट करत होते. अंगणात तिने मला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "किती फुटली?"

मी म्हणाले, "नऊ."

मोजणीदाराच्या साखळीपासून आजपर्यंत मी कुणाला आकडा वाढवून सांगितलेला नाही. तेवढा एकदाच.

"बरं," काकी म्हणाली. मग तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाली, "आक्का, ह्या खेपंला न्यायला कुणी यायचं न्हाई."

आईने हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं. या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि आईने वाईटच घेतला. मीही. भाऊ पुढे आणि ती मागे, अशी ती दोघं वळणापर्यंत दिसली, मग एसटीचा हॉर्न ऐकू आला.

 आईने पहिल्या दिवशी सवयीने अकरा भाकऱ्या केल्या, मग साडेनऊवर आली. सकाळी उठून मी मोजत होते. दुसऱ्या दिवशी सहा कोंब, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्याला नऊ. माझं खोटं खरं झालं तेव्हा ते ऐकायला काकी तिथे नव्हती. पाचव्या दिवशी अकरा होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मैत्रिणींबरोबर वेल्ह्याच्या स्टँडवरून चालले होते. भोरकडची गाडी येऊन थांबली. तिच्यातून आधी दोन कोंबड्या उतरल्या, मग त्यांचा मालक, आणि मग डोक्यावर गाठोडं आणि हातात ओलं पोतं घेतलेली काकी. एकटी. बरोबर भाऊ नव्हता, तात्या नव्हते, कुणी न्यायला गेलं नव्हतं.

"बघतीस काय, पोतं धर," ती म्हणाली. "चौदा आणल्यात. मिळव तुझ्या नवात."

"अकरा हायेत आता," मी म्हणाले. हे खरं होतं, म्हणून लगेच सांगितलं.

"मंग किती झालं?"

"पंचवीस."

पाऊण तास आम्ही चालत आलो. घरी पोचल्यावर ती घरात न जाता आधी परसात गेली. तात्या तिथेच होते, वाफ्याला करवंदीच्या काट्या रोवत. मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच काढलेलं काम होतं ते. काकीने त्यांच्या हातातली एक काटी काढून घेतली आणि म्हणाली, "कोंबड्या न्हाई खात हो पाथरी." त्यावर तात्या म्हणाले, "कोंबड्यांसाठी न्हाई. बायांसाठी."

आता काकी पासष्ट वर्षांची आहे आणि त्याच घरात आहे. तिच्या परसातली पाथरी कुणी मोजत नाही, मोजण्यापलीकडे गेली आहे. वाडीत अजूनही सावडीच्या आधी एखादी बाई दुसरीला सांगते की तिकडच्या परसात खुरपं घालू नका, ती पेरलेली हाय. हे प्रकरण लिहून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे आकडे तपासायला बसले आणि ज्यांची खात्री नव्हती ते विचारायला काकीला फोन केला. सात बाया, बरोबर. लसणाच्या पाती तिला आठवत नव्हत्या. पोत्यातली चौदा रोपं, बरोबर. मग मी म्हणाले, "आणि तू निघालीस तेव्हा मी तुला नऊ सांगितली, पण खरं म्हणजे–"

"चार व्हती," काकी म्हणाली.

मी समोरच्या कागदावर लिहिलेला नऊ पुन्हा पाहिला.

"निघायच्या आदी परसात जाऊन आले व्हते म्या. चार व्हती."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"काय बोलायचं? जी पोरगी मोजणीदाराला सोडत न्हाई ती तोंडावर खोटं मोजती म्हणल्यावर म्या बी म्हणलं, चला, चार दिस राहून लवकर माघारी यावं." मग तिने विचारलं, "तुझ्याकडं किती झाली आता?"

"त्रेचाळीस."

"खरी?"

मी फोन कानाला धरूनच मागचं दार उघडलं आणि तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.